इसाम्बार्ड किंग्डम ब्रुनेल : महानौकांचा शिल्पकार

एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात आगबोटीने अटलांटिक महासागर थेट ओलांडणे व्यवहार्य नाही, अशी काही विद्वानांची धारणा होती. एवढ्या प्रवासाला पुरेल इतका कोळसा भरला, तर उतारूंना जागा उरणार नाही. जहाज मोठे केले, तर कोळसाही त्याच प्रमाणात अधिक लागेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यातील उणीव इसाम्बार्ड किंग्डम ब्रुनेल या इंग्रज अभियंत्याने अचूक हेरली.

ब्रुनेल यांचा जन्म ९ एप्रिल १८०६ रोजी पोर्टस्मथ येथे झाला. मूळचे फ्रान्सचे असलेले वडील मार्क हेही नामांकित अभियंते होते. जहाजाची लांबी, रुंदी व खोली दुप्पट केली, तर पोटातील जागा आठपट होते. पाण्याचा विरोध मात्र सुमारे चौपटच वाढतो, हे ब्रुनेल यांनी जाणले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली बांधलेली ‘ग्रेट वेस्टर्न’ १८३८ मध्ये ब्रिस्टलहून सुमारे पंधरा दिवसांत न्यूयॉर्कला पोहोचली, तेव्हा तिच्यात जवळजवळ २०० टन कोळसा शिल्लक होता.

१८४३ मध्ये ‘ग्रेट ब्रिटन’ पाण्यात उतरली. तिचे अंग लोखंडी होते आणि दोन्ही बाजूंच्या चाकांऐवजी मागे मळसूत्री पंखा होता. १८४६ मध्ये ती आयर्लंडच्या किनाऱ्यावर रुतली. परंतु हिवाळाभर लाटांचा मारा सोसूनही तगली.

तिसरी ‘ग्रेट ईस्टर्न’ ६९२ फूट लांब होती. ४,००० उतारूंची सोय, चाके, पंखा व शिडे हे तिन्ही, दुहेरी कवच आणि जलाभेद्य भिंती, असा तिचा थाट होता. वाटेत कोळसा न घेता तिने पूर्वेचा दूरचा प्रवास करावा, ही ब्रुनेल यांची आकांक्षा होती. परंतु ती पाण्यात ढकलण्यासच तीन महिने लागले. अखेर ३१ जानेवारी १८५८ रोजी ती तरंगली. सप्टेंबर १८५९ मध्ये जहाजावरच ब्रुनेल यांना पक्षाघात झाला. काही दिवसांतच चाचणी-सफरीत स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. १५ सप्टेंबर रोजी, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी, ब्रुनेल यांनी देह ठेवला.

‘ग्रेट ईस्टर्न’ला पुरेसे उतारू कधीच लाभले नाहीत. ब्रुनेल यांचे गणित सागराने मान्य केले, बाजारपेठेने नाही. १८६२ मध्ये न्यूयॉर्कजवळ खडकाने तिचे बाहेरचे कवच फाडले, तरी आतील कवचाने तिला तारले. पुढे १८६६ मध्ये तिने अटलांटिकच्या तळाशी तारायंत्राची केबल अंथरली आणि १८७० मध्ये मुंबई ते एडन ही केबलही तिनेच टाकली. उतारूंसाठी घडलेली ही नौका अशा रीतीने पूर्वेला आली ती संदेशांची वाट बांधण्यासाठी. ते पाहण्यास तिचा निर्माता मात्र हयात नव्हता.