बहरलेल्या झाडांचा चित्रकार

कर्नाटकातील दोड्डबळ्ळापूर हे विणकरांचे गाव. बंगळूर तेथून फार दूर नाही. या गावी १९१० साली रुमाले चन्नबसवय्या यांचा जन्म झाला. चित्रकलेची ओढ त्यांना लहानपणापासूनच होती. बंगळूरच्या कलामंदिर या संस्थेत आणि पुढे म्हैसूरच्या चामराजेंद्र तांत्रिक संस्थेत त्यांनी कलेचे धडे घेतले. परंतु तो काळ स्वस्थपणे रंग कालवीत बसण्याचा नव्हता. महात्मा गांधींच्या हाकेसरशी अनेक तरुणांनी शिक्षणाकडे पाठ फिरवली. रुमाले त्यांपैकीच एक होते.

डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी १९२३ साली स्थापन केलेल्या सेवादलाच्या कार्यात ते सामील झाले. चळवळीत त्यांना कारावासही घडला. स्वातंत्र्यानंतरही सार्वजनिक कामाने त्यांना सोडले नाही. 'ताइनाडु' या कन्नड दैनिकाचे संपादन त्यांनी केले, विधान परिषदेचे सदस्यत्वही भूषवले. चित्रकार होण्यासाठी घराबाहेर पडलेल्या या माणसाच्या हाती जवळजवळ तीस वर्षे कुंचला क्वचितच आला असेल. हा त्याग तुरुंगवासाइतका डोळ्यांत भरत नाही, पण तो लहान खचितच नव्हे.

१९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी, वयाची पन्नाशी उलटल्यावर, रुमाले पुन्हा चित्रकलेकडे वळले. सत्तेच्या जवळ पोहोचलेली माणसे सहसा अशी मागे वळत नाहीत. त्यांनी विषय निवडला तो बंगळूरच्या बहरलेल्या झाडांचा.

या झाडांनाही एक इतिहास आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या सेवेत असलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगल १९०८ साली बंगळूरला आले व लालबागेचा कारभार पाहू लागले. एका जातीची फुले ओसरताच दुसऱ्या जातीची उमलावीत, अशा बेताने शहरातील रस्त्यांवर झाडे लावण्याची कल्पना त्यांचीच. पिवळा टॅबेबुइया, निळा जॅकरांडा, लाल गुलमोहर ही सारी मुळात परदेशी झाडे. मात्र बंगळूरने त्यांना आपलेसे केले.

रुमाले ही झाडे खोलीत बसून, आठवणीने रंगवीत नसत. बहर मोजके दिवस टिकतो, आणि ऊन तर तासातासाला पालटते. म्हणून रस्त्याच्या कडेला, उद्यानात किंवा तळ्याकाठी उभे राहून ते चित्र काढीत. जलरंग आणि तैलरंग ही दोन्ही माध्यमे त्यांनी हाताळली. त्यांच्या तैलचित्रांत रंगांचे थर असे जाड आणि झळझळीत असतात, की फांदीवर फूल कोणते आणि ऊन कोणते, हे क्षणभर कळत नाही. त्यांच्या चित्रांत घोषणा नाही, निषेधाचा फलक नाही. देशसेवेतून आलेल्या माणसाने केवळ फुले रंगवावीत काय, असा प्रश्न कोणाला पडेलही. आम्हांस मात्र हे काम त्यांच्या आधीच्या कामापासून तुटलेले वाटत नाही. जे सर्वांच्या मालकीचे आहे, जे रस्त्यावरून जाणाऱ्या हमालालाही विनामूल्य लाभते, त्याकडेच त्यांचे लक्ष होते.

याच काळात शहर झपाट्याने वाढत होते. १९५१ साली सुमारे ८ लाख असलेली लोकसंख्या १९८१ पर्यंत २९ लाखांच्या वर गेली. कारखाने आले, वसाहती उठल्या, अनेक तळी बुजवली गेली. रस्ते रुंद करताना जुनी झाडे तोडली जाऊ लागली. रुमाले यांचे १९८८ साली निधन झाले. माहिती तंत्रज्ञानाच्या उद्योगाने बंगळूरचे रूप त्यानंतर पुरते पालटले आणि २०११ मध्ये तेथे मेट्रो रेल्वे धावू लागली. रुमाले यांनी डोळ्यांसमोर ठेवून रंगवलेल्या त्या हिरव्या शहराचा पुष्कळसा भाग आज उरलेला नाही. त्यांची चित्रे बंगळूरमधील 'रुमाले आर्ट हाउस' येथे जतन केलेली आहेत.