दाण्यांचे लोणी आणि जॉर्ज कार्व्हर

भगिनींनो, गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दाण्यांचे लोणी घरी कसे करावे, हे दाखविण्याचे काम मंडळाने माझ्याकडे सोपविले होते. मिक्सर फिरत असता बोलण्याच्या भरात मी सांगून टाकले, की हे लोणी अमेरिकेतील थोर शास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी शोधून काढले. सर्वांनी माना डोलविल्या. पुढे चार पुस्तके चाळली तेव्हा कळले, की ही गोष्ट खरी नाही. दुसरी चूक मनाला अधिक लागली आहे. त्या दिवशी शेजारच्या एका भगिनीने मसाल्यांचे प्रमाण विचारले आणि मी ते हसून टाळले. आपला पदार्थ आपल्याच नावावर राहावा, एवढाच क्षुद्र हेतू! या दोन्ही चुकांची भरपाई या लेखाने करावयाची आहे.

कार्व्हर हे नाव आपल्याला परके नाही. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकाने ते मराठी घराघरांत पोचविले आहे. त्यांचा जन्म १८६४ च्या सुमारास मिसुरी राज्यात, डायमंड या गावाजवळ मोझेस कार्व्हर यांच्या मळ्यावर झाला. आई मेरी ही गुलाम. गुलामाच्या मुलाची जन्मतारीख कोण लिहून ठेवणार? मूल तान्हे असतानाच लुटारूंनी मायलेकरांना पळवून नेले. मोझेस यांनी माणूस धाडला. मूल परत आले, आई मात्र पुन्हा कधी दिसली नाही. मुलाच्या बदल्यात एक घोडा द्यावा लागला, असे सांगतात.

गुलामगिरी संपल्यावर मोझेस आणि त्यांची पत्नी सुसान यांनी जॉर्ज व त्याचा भाऊ जिम यांना घरातच वाढविले. जॉर्जची प्रकृती तोळामासा. शेतातली जड कामे झेपेनात, म्हणून तो सुसानबाईंच्या हाताखाली स्वयंपाक, धुणे, शिवण आणि विणकाम शिकला. ज्याला आपण बायकांचे काम म्हणून हिणवितो, तेच पुढे त्याच्या पोटाचा आधार झाले. उरलेला वेळ तो रानात झाडांपाशी घालवी. आजूबाजूचे लोक रोगट रोपे बरी करण्यासाठी त्याच्याकडे आणीत.

गावच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश नव्हता. म्हणून जॉर्जने निओशो गाठले. तेथे मराया वॉटकिन्स या सुईणीचे काम करणाऱ्या बाईंनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. नंतर लोकांचे कपडे धुऊन, स्वयंपाक करून त्याने कॅन्ससमध्ये शिक्षण चालविले. एका कॉलेजने पत्राने प्रवेश दिला, पण दारात उभे राहिल्यावर त्याचा रंग पाहून नाकारला. अखेर १८९० साली आयोवातील सिम्प्सन कॉलेजात तो चित्रकला शिकू लागला. त्याने काढलेली झाडांची चित्रे पाहून एटा बड या शिक्षिकेने त्याला कृषिशास्त्राकडे वळविले. १८९४ मध्ये एम्सच्या कृषी महाविद्यालयाची पदवी आणि १८९६ मध्ये उच्च पदवी मिळाली. त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून कार्व्हर अलाबामातील टस्कीगीला गेले आणि मरेपर्यंत तेथेच राहिले.

तेथील जमीन वर्षानुवर्षे नुसता कापूस घेऊन निकस झाली होती. गरीब कृष्णवर्णीय शेतकरी कर्जात बुडालेले. खत विकत घेण्याचे बळ कोठून आणावे? भुईमूग, चवळी अशी पिके हवेतला नत्र मुळांवरील गाठींच्या साहाय्याने जमिनीत आणतात. तेव्हा ती कापसाशी आलटून पालटून घ्यावीत, असे कार्व्हर सांगू लागले. शेतकरी शाळेत येऊ शकत नव्हते, म्हणून १९०६ मध्ये शाळाच गाडीवर चढवून खेडोपाडी नेली. पुढे बोंडावरच्या किडीने कापसाची दाणादाण उडविली, तेव्हा या सल्ल्याचे मोल अधिकच कळले.

पण पिकलेल्या शेंगांचे करावयाचे काय? यासाठी त्यांनी साध्या भाषेत पुस्तिका लिहिल्या. १९१६ च्या पुस्तिकेत भुईमुगाची लागवड आणि दाणे खाण्याचे १०५ प्रकार दिले आहेत. त्यांत दाण्यांच्या लोण्याचीही कृती आहे. मात्र कॅनडातील मार्सेलस एडसन यांनी दाण्यांच्या लगद्याचे पेटंट १८८४ सालीच घेतले होते, आणि डॉ. केलॉग यांनी १८९५ साली आपल्या पद्धतीसाठी अर्ज केला होता. शिवाय दक्षिण अमेरिकेत, जिथले हे पीक, तिथले लोक त्याही आधीपासून दाणे वाटून खात. कार्व्हर यांनी या शोधाचे श्रेय घेतलेले नाही. ते आपण त्यांच्या गळ्यात घातले. त्यांचे मोठेपण निराळे आहे. चांगले अन्न गरिबाच्या चुलीपर्यंत जावे म्हणून त्यांनी आपले ज्ञान मोकळ्या हाताने वाटले. पेटंटे घेतली ती अवघी तीन, आणि तीही खाद्यपदार्थांची नव्हेत.

१९२१ मध्ये भुईमुगावरील आयात कराबाबत ते अमेरिकेच्या संसदीय समितीपुढे बोलले. आरंभी दिलेली दहा मिनिटे समितीने आपण होऊन वाढविली. गांधीजींसाठीही त्यांनी शाकाहाराची माहिती पाठविली होती. ते अविवाहित राहिले. फावल्या वेळी सुई-दोरा हाती घेत. १९४० मध्ये त्यांनी आपली पुंजी संशोधनासाठी देण्यास आरंभ केला. ५ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले.

आता माझे कर्ज फेडते. पाव किलो दाणे निवडून घ्यावेत. बुरसट, काळे पडलेले, सुरकुतलेले दाणे निर्दयपणे टाकावेत. बुरशीतले अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्याने पुरते जात नाही. मंद आचेवर खमंग भाजून, गार झाल्यावर साले पाखडावीत. मिक्सर थांबत थांबत फिरवावा. आधी कूट होईल, मग गोळा, आणि धीर धरला तर तेल सुटून लोणी होईल. दाण्यात जवळजवळ निम्मे तेलच असते, म्हणून वरून तेल नको. सोलापुरी चटणी कुटताना आपण हेच पाहतो. मीठ पाव चमचा. गोडासाठी दोन चमचे कोरडी गूळपूड आणि चार वेलदोड्यांची पूड. तिखटासाठी एक चमचा लाल तिखट व अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड. पाणी किंवा दूध घालू नये. लोणी आळते आणि लवकर बिघडते. चमचा कोरडा असावा. दाणे सोसत नाहीत अशीही माणसे असतात. पाहुण्यांना आधी विचारावे.

हेच ते प्रमाण, जे मी त्या दिवशी टाळले. त्या भगिनीला ते मी घरी जाऊन सांगितले आहे. तिने त्यात चिमूटभर सुंठ घातली, आणि खरे सांगते, तिचे लोणी माझ्याहून सरस झाले.