याकोब बुर्कहार्ट : ग्रंथकार आणि अध्यापक

युरोपीय प्रबोधनकाळाची जी प्रतिमा सुशिक्षितांच्या मनात रुजलेली आहे, तिच्या घडणीत 'इटलीतील प्रबोधनकाळाची संस्कृती' या जर्मन ग्रंथाचा वाटा फार मोठा आहे. तो १८६० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याचे कर्ते याकोब बुर्कहार्ट बेचाळीस वर्षांचे होते. त्यानंतर ते सदतीस वर्षे जगले. तथापि १८६७ नंतर एकही नवा मोठा ग्रंथ त्यांनी स्वतः प्रकाशित केला नाही. कीर्ती वाढत असताना पत्करलेले हे मौन हा त्यांच्या चरित्रातील मध्यवर्ती प्रश्न होय.

बुर्कहार्ट यांचा जन्म २५ मे १८१८ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल येथे एका प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाच्या घरी झाला. वयाच्या बाराव्या वर्षी ते मातृसुखाला पारखे झाले आणि ऐहिक गोष्टींच्या नश्वरतेची जाणीव त्यांच्या मनात कायमची ठसली. वडिलांच्या इच्छेनुसार त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास आरंभिला. परंतु बायबलच्या ऐतिहासिक चिकित्सेशी परिचय होताच त्यांची परंपरागत श्रद्धा ढळली. ज्यावर आपला विश्वास उरला नाही त्याचा उपदेश करणे त्यांना अप्रामाणिकपणाचे वाटले. वडिलांच्या संमतीने १८३९ मध्ये ते इतिहासाच्या अध्ययनासाठी बर्लिनला गेले.

बर्लिनमध्ये त्यांना दोन गुरू लाभले. लेओपोल्ड फोन रांके यांच्याकडून त्यांनी साधनांच्या चिकित्सेची शिस्त घेतली. फ्रान्ट्स कुग्लर यांनी त्यांना कलेच्या इतिहासाकडे वळविले. रांके यांची दृष्टी राज्ये आणि त्यांचे परस्परसंबंध यांवर केंद्रित होती. बुर्कहार्ट यांना मात्र एखाद्या काळातील माणसे कशी जगत, कशात रमत आणि कशाला भीत, याचे कुतूहल अधिक होते. बाझलला परतल्यावर १८४४-४५ मध्ये त्यांनी एका सनातनी वृत्तपत्राचे संपादन केले. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये सशस्त्र स्वयंसेवकांच्या टोळ्यांनी ल्युसर्नवर चाल केली. या अनुभवाने राजकारणाविषयी त्यांच्या मनात जो विटाळ निर्माण झाला, तो पुढे ओसरला नाही. १८४६ मध्ये ते इटलीला गेले, ते या कोलाहलापासून दूर जाण्याच्या ओढीनेही.

'कॉन्स्टंटाइनचा काळ' (१८५३) या ग्रंथात त्यांनी एका संस्कृतीचा अस्त चितारला. त्यानंतर आलेला 'चिचेरोने' (१८५५) हा इटलीतील कलाकृतींचा हजारांहून अधिक पृष्ठांचा मार्गदर्शक ग्रंथ कुग्लर यांना अर्पण केलेला आहे. वास्तू, शिल्प आणि चित्र अशा क्रमाने रचलेल्या या ग्रंथात कलावंतांच्या चरित्रकथांपेक्षा प्रत्यक्ष कलाकृतीच्या आस्वादाला प्राधान्य आहे. त्याच वर्षी झ्युरिक येथील नव्या तंत्रशिक्षण संस्थेत ते कलेतिहासाचे प्राध्यापक झाले आणि १८५८ मध्ये बाझलला कायमचे परतले.

१८६० च्या ग्रंथाचे सहा भाग आहेत. पहिल्या भागात राज्यसंस्था ही हेतुपुरस्सर घडविलेली कृती म्हणून तपासली आहे. इटलीतील अनेक सत्ताधीशांच्या मागे वंशपरंपरेचे अधिष्ठान नव्हते. म्हणून त्यांना केवळ हिशेबीपणा, कर्तबगारी आणि क्रौर्य यांच्या बळावर टिकावे लागले. याच असुरक्षिततेतून स्वतःकडे व्यक्ती म्हणून पाहणारा माणूस उदयाला आला, हे बुर्कहार्ट यांचे प्रमेय आहे. त्यांनी प्रबोधनाचे केवळ गौरवगान केले, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. विशेष म्हणजे या ग्रंथात चित्र-शिल्पांची स्वतंत्र चर्चा नाही. कलेविषयी वेगळा ग्रंथ लिहिण्याचा त्यांचा संकल्प होता. त्यातील वास्तुकलेचा भाग तेवढा १८६७ मध्ये प्रकाशात आला. ज्या विषयावर त्यांचे सर्वाधिक प्रेम होते, त्याच विषयावरील त्यांचा संकल्प असा अपुरा राहिला.

पुढील आयुष्य त्यांनी अध्यापनाला वाहिले. विद्यापीठाबरोबरच ते शालेय विद्यार्थ्यांना शिकवीत आणि नगरवासीयांसाठी जाहीर व्याख्याने देत. १८७२ मध्ये रांके यांच्या बर्लिनमधील अध्यासनासाठी त्यांना निमंत्रण आले, ते त्यांनी नाकारले. नुकत्याच एकत्र आलेल्या जर्मनीची सैनिकी सत्ता आणि तिच्या सेवेत रमलेली विद्वत्ता त्यांना संस्कृतीला घातक वाटत होती. राज्य, धर्म आणि संस्कृती या तीन शक्तींचा परस्परसंबंध उलगडणारी त्यांची व्याख्याने ऐकणाऱ्यांत तरुण सहकारी फ्रीड्रिख नीत्शे हेही होते. जानेवारी १८८९ मध्ये नीत्शे यांचे मनोभ्रंश सूचित करणारे पत्र हाती येताच बुर्कहार्ट यांनी ते फ्रान्ट्स ओव्हरबेक यांना दाखविले. ओव्हरबेक तातडीने तुरीनला गेले. १८९३ मध्ये बुर्कहार्ट निवृत्त झाले आणि त्यांचे शिष्य हाइन्रिख व्योल्फ्लिन त्यांच्या जागी आले. ८ ऑगस्ट १८९७ रोजी बुर्कहार्ट यांचे निधन झाले. ग्रीक संस्कृतीचा इतिहास आणि विश्वेतिहासविषयक चिंतन हे त्यांचे ग्रंथ मरणोत्तर, व्याख्यानांच्या टिपणांवरून सिद्ध झाले.

त्यांच्या मर्यादाही उघड आहेत. अर्थव्यवहाराकडे त्यांचे दुर्लक्ष झाले. मध्ययुगाला त्यांनी पुरेसा न्याय दिला नाही. प्रबोधनकाळातील उच्चवर्गीय स्त्री पुरुषाच्या बरोबरीची होती, हे त्यांचे मत विसाव्या शतकातील संशोधनाने खोडून काढले. लोकशाहीवरील त्यांचा अविश्वास आणि पत्रांतून डोकावणारा ज्यूंविषयीचा आकस यांचे समर्थन करता येत नाही. तरीही सत्तेच्या केंद्रीकरणात संस्कृतीचा बळी जातो, हा त्यांचा इशारा पुढील शतकाने खरा ठरविला.

मराठी अभ्यासक एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राला प्रबोधन ही संज्ञा लावतात, तेव्हा तिच्यामागे बुर्कहार्ट यांनी रूढ केलेल्या संकल्पनेची छाया असते. त्या संज्ञेची चिकित्सा करताना ध्यानात घ्यावे ते हे की, स्वतः बुर्कहार्ट यांनी आपल्या ग्रंथाला केवळ एक प्रयत्न असे उपशीर्षक दिले होते.