ग्रेस हॉपर : बिघाड शोधण्याची शिस्त

घरातला संगणक अडला की बहुतेक घरांत एकच दृश्य दिसते. एकजण मिळेल ते बटण दाबतो, दुसरा वायरी हलवतो, तिसरा मोबाइलवर शोधून कुठलेसे सॉफ्टवेअर उतरवून घेतो. अर्ध्या तासाने मूळ बिघाड कोणता आणि आपण घातलेला कोणता, हेच कळेनासे होते. आम्हा डॉक्टरांना हे चित्र ओळखीचे आहे. तापासाठी आधी शेजाऱ्याची गोळी, मग दुकानदाराने दिलेली, मग घरात उरलेले अँटिबायोटिक असा प्रवास करून रुग्ण बाह्यरुग्ण विभागात येतो, तेव्हा आजाराची मूळ लक्षणे पुसली गेलेली असतात. बिघाड शरीरातला असो वा यंत्रातला, तो शोधण्याची एक शिस्त असते. संगणकाच्या जगात ही शिस्त ज्यांच्या आयुष्यात स्वच्छ दिसते, त्या ग्रेस हॉपर यांची आज ओळख करून घेऊ.

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. माहेरचे आडनाव मरे. वडील विमा व्यवसायात होते. रक्तवाहिन्या कठीण होण्याच्या विकारामुळे त्यांचे दोन्ही पाय कापावे लागले होते. आपल्या मुलींनाही मुलाइतकेच शिक्षण मिळाले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आईला गणिताची आवड होती. सात वर्षांच्या ग्रेसला गजराचे घड्याळ आतून कसे चालते हे पाहायचे होते, म्हणून तिने एक घड्याळ खोलले. सुटे भाग पुन्हा जुळेनात, तेव्हा ते कसे बसतात हे पाहायला दुसरे खोलले. असे करता करता घरातली सात घड्याळे उघडी पडली. आईने तिला फार रागावण्याऐवजी एक मर्यादा घालून दिली : यापुढे एकाच घड्याळाशी खेळायचे.

घरच्या संगणकासाठी पहिला नियम हाच आहे. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याने काय फरक पडला ते पाहावे. पडद्यावर काही दिसत नसेल तर आधी भिंतीवरचा खटका, मग एक्स्टेन्शन बोर्ड, मग मॉनिटरची पिन, अशा क्रमाने बाहेरून आत जावे. एकाच दमात चार वायरी काढून पुन्हा खोचल्या आणि संगणक चालू झाला, तर त्यातली कोणती सैल होती हे कधीच कळत नाही, आणि आठवड्याने तोच त्रास पुन्हा होतो.

लॅटिनच्या परीक्षेत नापास झाल्यामुळे ग्रेस यांचा व्हॅसार कॉलेजमधला प्रवेश एक वर्ष लांबला. १९२८ मध्ये त्या गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाल्या आणि १९३४ मध्ये त्यांनी येल विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली. दरम्यान १९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. १९३१ पासून त्या व्हॅसारमध्येच गणित शिकवत होत्या. आयुष्य तिथेच सुखाने सरले असते. पण दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरली आणि त्यांनी नौदलात जायचे ठरवले.

वय ३७ आणि वजन नियमापेक्षा सुमारे सात किलो कमी. तरीही खास सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात पहिल्या आल्या आणि १९४४ च्या उन्हाळ्यात त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठातील मार्क वन या यंत्रावर झाली. प्रमुख होते हॉवर्ड एकेन. हे यंत्र ५१ फूट लांब, ८ फूट उंच आणि सुमारे पाच टन वजनाचे होते. त्यात साडेसात लाखांहून अधिक सुटे भाग होते. सेकंदाला तीन बेरजा आणि एका गुणाकाराला सुमारे सहा सेकंद, ही त्याची गती. कागदी पट्टीवर भोके पाडून त्याला आज्ञा दिल्या जात. युद्धाच्या गरजेमुळे ते रात्रंदिवस चालवले जाई.

उत्तर चुकले तर दोष तीन ठिकाणी असू शके : यंत्राच्या एखाद्या भागात, पट्टीवरच्या भोकांत किंवा मुळात मांडलेल्या गणितात. कुठे ते ठरवल्याशिवाय हात घालण्यात अर्थ नव्हता. या यंत्राची पाचशेहून अधिक पानांची माहितीपुस्तिका १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे बरेचसे लेखन ग्रेस यांचे होते.

आपल्या घरातही दोष चार ठिकाणी असू शकतो : वीज, यंत्र, सॉफ्टवेअर आणि इंटरनेट. एकच संकेतस्थळ उघडत नसेल तर तेच मोबाइलवर, त्याच वायफायवर उघडून पाहावे. तिथेही अडले तर संगणकाला दोष देण्याचे कारण नाही. राउटर किंवा बाहेरची सेवा तपासावी. पडद्यावर चुकीचा संदेश आला तर तो घाईने बंद न करता मोबाइलने त्याचा फोटो काढावा. त्रास कधी सुरू झाला, त्याआधी काय नवीन केले, वीज गेली होती का, नवा प्रिंटर जोडला होता का, हे आठवून लिहावे. दुरुस्ती करणाऱ्याला एवढी माहिती दिली की त्याचे निम्मे काम होते.

मग संगणक पुन्हा सुरू करावा. हा उपाय अनेकांना अंधश्रद्धेसारखा वाटतो, पण त्यामागे कारण आहे. तासन्‌तास चालणाऱ्या प्रोग्रॅमपैकी एखादा अडकतो आणि स्मरणातली जागा अडवून बसतो. पुन्हा सुरू केल्यावर ती जागा मोकळी होते. मात्र अलीकडच्या विंडोजमध्ये ‘शट डाउन’ केल्यावर लवकर चालू होता यावे म्हणून आतील काही स्थिती जपून ठेवलेली असू शकते. म्हणून ‘रीस्टार्ट’ हाच पर्याय निवडावा. आमच्या वॉर्डातल्या संगणकावरून छपाई झाली नाही की कुणीतरी तीच आज्ञा पाच वेळा देते. प्रिंटर जागा झाला की एकाच रुग्णाचे पाच अहवाल बाहेर पडतात. छापायच्या कामांची रांग आधी पाहिली तर हे टळते.

युद्ध संपले. १९४५ मध्ये ग्रेस यांचा घटस्फोट झाला. व्हॅसारमधली नोकरी मागे टाकून त्या हार्वर्डमध्येच राहिल्या. तिथे मार्क टू या पुढच्या यंत्राचे काम चालू होते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी दुपारी त्या यंत्राच्या ‘एफ’ पॅनलमधील ७० क्रमांकाच्या रिलेत, म्हणजे विजेने उघडझाप करणाऱ्या खटक्यात, चालकांना एक मेलेला पतंग सापडला. कीटक मध्ये आल्याने खटका नीट जुळत नव्हता. त्यांनी तो पतंग काढला, नोंदवहीत चिकटपट्टीने डकवला, वेळ लिहिली आणि खराखुरा कीटक सापडल्याची ही पहिलीच घटना, अशी गमतीची टीप शेजारी जोडली.

यंत्रातल्या दोषाला इंग्रजीत ‘बग’ म्हणण्याची पद्धत ग्रेस यांच्यापासून सुरू झाली, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही. एडिसन यांच्या काळातही हा शब्द त्या अर्थाने वापरात होता. म्हणूनच तर वहीतली गंमत गंमत ठरते. पतंग सापडला तोही ग्रेस यांच्या हाताला नव्हे. मात्र ही हकिकत त्यांनी पुढे असंख्य व्याख्यानांतून सांगितली आणि ती जगभर झाली. ती वही आज वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. मला त्या वहीचे अप्रूप आमच्या केस पेपरमुळे वाटते. काय दिसले, कुठे, किती वाजता, याची नोंद असल्यामुळेच पुढच्या पाळीतल्या माणसाला काम पुढे नेता येते.

आपल्याकडे तर संगणकाच्या उबदार पेटीत मुंग्या, झुरळे आणि पाली हमखास शिरतात. त्याहून मोठा शत्रू धूळ. पंख्यावर आणि जाळीवर धूळ साचली की आतली उष्णता बाहेर पडत नाही. मग प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो, आणि आपण म्हणतो संगणक जुना झाला. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवल्यानेही हवेची वाट बंद होते. दोन-तीन महिन्यांनी संगणक बंद करून, प्लग काढून, मऊ कोरड्या ब्रशने जाळ्या साफ कराव्यात. हवेचा फवारा मारताना पंख्याचे पाते हलकेच धरून ठेवावे. दम्याचा त्रास असलेल्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे, इतरांनीही मास्क लावावा. डेस्कटॉपमधली वीजपुरवठ्याची बंद पेटी मात्र उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात काही काळ धोकादायक विद्युतभार राहू शकतो. लॅपटॉपची बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंग ताबडतोब थांबवावे, ती दाबू किंवा टोचू नये आणि जाणकाराकडून बदलून घ्यावी.

या काळातली एक गोष्ट डॉक्टर म्हणून सांगायला हवी. युद्धाच्या दिवसांतले सततचे काम, मोडलेला संसार आणि हार्वर्डमधील अनिश्चित भवितव्य या सगळ्यात ग्रेस यांना दारूचे व्यसन लागले. १९४९ मध्ये प्रकरण अटकेपर्यंत गेले. सहकाऱ्यांनी त्यावर पांघरूण घातले नाही. एका मित्राने तर त्यांच्या व्यसनाबद्दल स्पष्टपणे लिहून त्यांना सावध केले. त्या सावरल्या आणि त्यांचे सर्वांत मोठे काम त्यानंतर झाले. व्यसन हा आजार आहे, लपवला की वाढतो आणि वेळीच बोलून दाखवला तर त्यातून बाहेर पडता येते, हे आम्ही रोज सांगतो. ग्रेस हॉपर यांचे उदाहरण त्यासाठी पुरेसे बोलके आहे.

१९४९ मध्येच त्या फिलाडेल्फियातील एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. तिथे युनिव्हॅक हा संगणक बनत होता. हार्वर्डपासून त्यांचे एक निरीक्षण पक्के होते. नेहमी लागणारे आज्ञांचे तुकडे प्रोग्रॅमर वहीत लिहून ठेवत आणि गरजेप्रमाणे हाताने उतरवून घेत. उतरवताना अक्षर चुके, आकडा चुके आणि पुढे तो दोष शोधण्यात दिवस जात. जे काम यंत्र बिनचूक करू शकते ते थकलेल्या माणसाने कशाला करायचे? या विचारातून १९५२ मध्ये त्यांनी ‘ए-झीरो’ हा प्रोग्रॅम तयार केला. तो ते तुकडे आपणहून शोधून जुळवत असे. संगणक हे करू शकतो यावर सुरुवातीला फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. पुढे त्यांच्या गटाने साध्या इंग्रजी शब्दांत आज्ञा देता येतील अशी ‘फ्लो-मॅटिक’ भाषा केली. १९५९ पासून आकाराला आलेली ‘कोबॉल’ ही भाषा बरीचशी तिच्यावर आधारलेली होती. बँका आणि सरकारी कार्यालयांचे हिशेब या भाषेने दशकानुदशके सांभाळले.

घरच्या संगणकाची निगा राखताना हाच विचार उपयोगी पडतो. जे नियमित करायचे आहे ते आपल्या आठवणीवर सोडू नये. सुरक्षेचे अपडेट आपोआप होतील अशी सोय करावी. फोटो, कागदपत्रे, मुलांचा अभ्यास, वैद्यकीय अहवाल यांची प्रत आपोआप निघेल अशी व्यवस्था लावावी. एक प्रत घरातल्या वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक घराबाहेर किंवा क्लाउडवर असावी. वर्षातून एकदा त्यातली एखादी फाइल उघडून पाहावी. न उघडणारी प्रत काही कामाची नसते. डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला तर दुरुस्तीच्या नादी न लागता आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे हलवाव्यात. तुमचा संगणक बिघडला आहे, आम्ही दुरून दुरुस्त करतो, असा फोन आपणहून आला तर तो ठगाचा समजून बंद करावा.

१९६६ च्या अखेरीस नौदलाने ग्रेस यांना वयोमानानुसार निवृत्त केले. पण नौदलातल्या निरनिराळ्या संगणकांच्या कोबॉलमध्ये एकवाक्यता उरली नव्हती. म्हणून १९६७ मध्ये त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलावले गेले, आणि ते सहा महिने जवळपास एकोणीस वर्षे चालले. व्याख्यानाला जाताना त्या सुमारे तीस सेंटिमीटर लांबीचे तारांचे तुकडे घेऊन जात. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात वीज जास्तीत जास्त एवढेच अंतर कापते, हे त्या दाखवत. उपग्रहामार्फत संदेश पोचायला वेळ का लागतो, असे विचारणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना त्या तारेने उत्तर मिळे. काही विलंब हा बिघाड नसतो, निसर्गाची मर्यादा असते. दहा वर्षांचा संगणक नव्या, जड प्रोग्रॅमपुढे धापा टाकत असेल तर त्यालाही हे लागू पडते. साठीच्या गुडघ्याला आम्ही जसे आजार आणि वय वेगळे करून तपासतो, तसेच इथेही तपासावे. डिस्कवर थोडी जागा मोकळी केली किंवा जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तरी बऱ्याच यंत्रांना आणखी काही वर्षे मिळतात.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्या रिअर अ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. त्यानंतरही त्या एका संगणक कंपनीच्या सल्लागार होत्याच. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले आणि आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना लष्करी सन्मानाने निरोप देण्यात आला. त्यांच्या नावाची युद्धनौका १९९७ मध्ये नौदलात दाखल झाली.

वाचकांनी यातून एवढे जरूर करावे : संगणकाशेजारी एक साधी वही ठेवावी. तारीख, वेळ, काय दिसले, काय केले आणि त्याने काय झाले, एवढ्या पाच गोष्टी दर वेळी लिहाव्यात. पुढच्या खेपेला संगणक अडला की बटणांना हात लावण्याआधी ती वही उघडावी. रुग्ण तपासायला बसलेला डॉक्टरही आधी जुना केस पेपरच चाळतो.