मोहाच्या दारूची बाजू घेणारा ऑक्सफर्डचा पाद्री : व्हेरियर एल्विन

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या आसपास होळी जवळ आली की पहाटेच रानाच्या वाटा जाग्या होतात. रात्रभर मोहाची फुलं टपटप गळत असतात. उन्हं चढायच्या आत ती टोपलीत पडली पाहिजेत, म्हणून बायका-पोरं अंधारातच निघतात. एका बाजूला वैनगंगा, दुसऱ्या बाजूला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचं जंगल. म्हणजे फुलं वेचताना वाघाचीही भीती असतेच.

वेचलेली फुलं अंगणात वाळतात, मनुक्यासारखी होतात आणि वर्षभर टिकतात. ती भाजून खाल्ली जातात, गुरांना घातली जातात, बाजारात विकली जातात. इथपर्यंत सगळं कायद्यात बसतं.

पण तीच फुलं पाण्यात भिजवून चुलीवर चढवली की गुन्हा होतो. विदर्भातल्या पेपरात दर आठवड्याला बातमी असते, पोलिसांनी धाड टाकली आणि इतका लिटर मोहाचा सडवा नष्ट केला.

मग मोहाची दारू म्हणजे नक्की काय? व्यसन, गुन्हा, की एखाद्या समाजाची परंपरा?

हा वाद आजचा नाही. जवळपास नव्वद वर्षांपूर्वी एका इंग्रज माणसाने तो उभा केला होता. गंमत म्हणजे हा माणूस पाद्री होता, गांधीजींचा अनुयायी होता आणि सुरुवातीला दारूबंदीच्या बाजूचा होता. त्याचं नाव व्हेरियर एल्विन.

बिशपचा मुलगा पुण्यात आला

एल्विन यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०२ चा, इंग्लंडमधल्या डोव्हरचा. वडील आफ्रिकेतल्या सिएरा लिओनचे बिशप होते. व्हेरियर लहान असतानाच ते वारले. घरातलं वातावरण कडक धार्मिक होतं.

शाळा होती चेल्टनहॅमची डीन क्लोज. चेल्टनहॅम ग्लॉस्टरशर परगण्यात येतं आणि हा परगणा प्रसिद्ध आहे सायडर आणि पेरीसाठी. सायडर म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेलं पेय आणि पेरी म्हणजे नाशपातीचं. पेरीसाठी वापरतात ती नाशपाती इतकी तुरट असते की तोंडात धरवत नाही, पण तिचाच रस पिंपात आंबला की त्याची चव लोक वाखाणतात. तिथल्या गावांमध्ये हिवाळ्यात सफरचंदाच्या झाडाभोवती जमून, गाणी म्हणत, झाडाच्या मुळाशी सायडर ओतायची जुनी रीत आहे. पुढच्या वर्षी झाड भरभरून यावं म्हणून.

ही रीत लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

एल्विन ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात शिकले. इंग्रजी साहित्य आणि धर्मशास्त्र, दोन्हींत पहिला वर्ग मिळवला. मोठं पद, मोठं चर्च, सगळं समोर होतं. ते सोडून १९२७ मध्ये ते भारतात आले आणि पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात दाखल झाले. भारतीय पद्धतीने राहून धर्माचं काम करणारी ही संस्था होती.

इथेच त्यांना आयुष्यभराचा सोबती भेटला, शामराव हिवाळे हा मराठी ख्रिस्ती तरुण.

गांधीजींकडून गोंडांकडे

१९२८ मध्ये एल्विन साबरमतीला गेले आणि गांधीजींच्या प्रभावाखाली आले. खादी, सूतकताई, साधं राहणं सगळं त्यांनी स्वीकारलं. काँग्रेसची बाजू घेऊन लिहायला लागले. त्यामुळे इंग्रज सरकारची वक्रदृष्टी त्यांच्यावर पडली.

गरिबांमध्ये जाऊन काम करायचं होतं, पण कुठे? वर्ध्याच्या जमनालाल बजाज यांनी त्यांचं लक्ष गोंडांकडे वळवलं. या समाजाकडे कुणीच बघत नव्हतं.

जानेवारी १९३२ मध्ये एल्विन आणि शामराव मंडला जिल्ह्यातल्या करंजिया गावी पोचले. तेव्हा नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती आणि मंडला, भंडारा हे दोन्ही जिल्हे याच एका प्रांतात होते. मोहाची झाडं, गोंड वस्त्या आणि अबकारीचे कायदे दोन्हीकडे सारखेच.

नागपूरच्या बिशपांनी एल्विन यांना पाद्री म्हणून काम करायचा परवाना नाकारला. १९३५ मध्ये एल्विन यांनी चर्च सोडलं. आता ते फक्त गावातले एक रहिवासी होते. शाळा, दवाखाना, कुष्ठरोग्यांसाठी आश्रम अशी कामं दोघांनी सुरू केली.

मोहाची भट्टी काय असते ते कळलं

आश्रमाची शिस्त गावात चालेना. जिथे कापूस पिकत नाही तिथे सूत कातायचं कसं, हा पहिला प्रश्न पडला. दुसरा प्रश्न मोहाचा होता.

गावात राहिल्यावर एल्विन यांना दिसलं की मोहाशिवाय गोंड आणि बैगा लोकांचं काहीच पार पडत नाही. सोयरीक जमली, मोह हवा. बाळ जन्मलं, मोह हवा. कुणी गेलं तरीही हवा. पंचायतीत भांडण मिटलं की दोन्ही बाजूंनी एकत्र बसून प्यायचं, म्हणजे तंटा खरा मिटला. आणि प्यायच्या आधी चार थेंब जमिनीवर सांडायचे, धरतीसाठी आणि पूर्वजांसाठी.

ग्लॉस्टरशरमध्ये झाडाच्या मुळाशी सायडर ओततात, इथे धरतीला मोह देतात. हजारो मैलांचं अंतर, पण भावना तीच.

मोह गाळणं हेही कौशल्याचं काम आहे. वाळलेली फुलं मडक्यात पाण्यात भिजत घालायची. फुलांत साखर भरपूर असते आणि हवेतलं, फुलांवरचं यीस्ट ती आंबवतं. उन्हाळ्यात हे लवकर होतं, थंडीत जास्त दिवस लागतात. मडक्यातलं फसफसणं थांबलं की सडवा तयार झाला. त्यासाठी घड्याळ लागत नाही, जाणती माणसं वासावरून आणि आवाजावरून ओळखतात.

मग मडकं चुलीवर चढतं. त्यावर दुसरं भांडं, आत दारू गोळा करायला छोटं पातेलं आणि सगळ्यात वर थंड पाण्याचं भांडं. वाफ वर जाते, थंड बुडाला लागते आणि थेंब थेंब खाली पातेल्यात पडते. वरचं पाणी तापलं की बदलायचं. पाणी किती वेळा बदललं त्यावर दारू कडक की सौम्य ते ठरतं. आधी येते ती सगळ्यात जोरदार, मराठीतला पहिल्या धारेची हा शब्द इथूनच आला. नंतरची धार फिकी होत जाते. आच मोठी झाली तर करपट वास येतो, म्हणून चुलीपाशी बसणाऱ्याला उठता येत नाही. चांगल्या मोहाला फुलाचा गोडसर वास असतो आणि जाणकार आधी तो वास घेतात.

सायडर आणि मोहात फरक आहे तो इथे. सायडर फक्त आंबवतात, मोह आंबवून वर गाळतात. म्हणून मोह जास्त चढतो.

इंग्लंडमध्ये एक न्याय, मध्य प्रांतात दुसरा

इंग्लंडच्या सरकारने १७६३ मध्ये सायडर आणि पेरीवर कर बसवला होता. तो वसूल करायला अधिकारी शेतकऱ्याच्या घरात शिरू शकत होते. यावर सफरचंदाच्या परगण्यांमध्ये इतका संताप उसळला की दंगली झाल्या. घरात पिणाऱ्याच्या घरात सरकारने का शिरावं, हा मुद्दा थेट संसदेत गाजला. १७६६ मध्ये सरकारला कर मागे घ्यावा लागला.

त्याच इंग्रजांच्या राज्यात भारतात काय झालं? घरी मोह गाळणं बेकायदा ठरलं. १८९२ मध्ये मुंबई इलाख्यात तर मोहफुलांवरच निर्बंध घालणारा खास कायदा आला. सरकार दारूच्या दुकानांचा लिलाव करायचं, ठेकेदार दुकान घ्यायचा आणि अबकारीचा पैसा तिजोरीत जमा व्हायचा. म्हणजे दारू बंद नव्हती. झाड गावचं, फुलं गावची, हातही गावचे, पण दारू मात्र ठेकेदाराच्या दुकानातून विकत घ्यायची. पैसे नसले की उधारी, आणि उधारी फिटली नाही की जमीन जायची.

एल्विन यांचा राग होता तो इथे. १९३९ मध्ये त्यांचं बैगांवरचं पुस्तक आलं. १९४१ मध्ये आदिवासींचा धीर का खचला यावर त्यांनी एक पुस्तिका लिहिली. त्यात त्यांनी कारणं मांडली, फिरती शेती बंद केली, शिकार बंद केली, घरची दारू गुन्हा ठरवली. रोजचं जगणंच गुन्हा झालं तर माणूस आतून मोडतो, हा त्यांच्या मांडणीचा गाभा.

गांधीजींपासून वेगळी वाट

१९३७ च्या निवडणुकांनंतर काँग्रेसची मंत्रिमंडळं आली आणि प्रांतोप्रांती दारूबंदीला सुरुवात झाली. गांधीजींसाठी हा मोठा नैतिक कार्यक्रम होता. एल्विन यांनी विरोध केला. आदिवासींसाठी मोह हा धर्माचा आणि पोटाचाही भाग आहे, शहरातला नियम त्यांना लावू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. गांधीजींबद्दल आदर राहिला, पण वाटा वेगळ्या झाल्या.

टीकाही जोरदार झाली. ठक्कर बाप्पांना वाटलं की एल्विन आदिवासींना देशापासून तोडून ठेवू बघतात. मुंबई विद्यापीठातले मालवणचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये पुस्तक लिहून त्यांना उत्तर दिलं. आदिवासी वेगळे नाहीत, ते हिंदू समाजाचाच मागे राहिलेला भाग आहेत, असं घुर्ये यांचं मत होतं.

एल्विन यांनीही सगळं गोड रंगवलं नाही. बस्तरमधल्या माडियांच्या १०० खुनांच्या खटल्यांचा त्यांनी अभ्यास केला, त्याचं पुस्तक १९४३ मध्ये आलं. नशेत झालेले खून त्यांनी त्यात लपवले नाहीत.

त्यांचं स्वतःचं आयुष्यही डागांशिवाय नव्हतं. १९४० मध्ये त्यांनी कोसी या वयाने खूप लहान गोंड मुलीशी लग्न केलं आणि १९४९ मध्ये घटस्फोट घेतला. एल्विन मोठे होत गेले आणि कोसी मागेच राहिल्या. आदिवासींचा कैवारी म्हणवणाऱ्या माणसावरचा हा आक्षेप आजही घेतला जातो.

नेहरूंचा सल्लागार

स्वातंत्र्यानंतर एल्विन यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. १९५४ मध्ये ते ईशान्य सीमा प्रदेशाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या, प्रशासनाचे आदिवासी सल्लागार झाले आणि शिलाँगला राहायला गेले. बाहेरून काही लादू नका, लोकांना त्यांच्या पद्धतीने वाढू द्या, हा त्यांचा विचार नेहरूंना पटला होता.

१९६१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं. त्यानंतर छापून आलेल्या आत्मचरित्राला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

मग बरोबर कोण होतं?

हा निकाल तेवढा सोपा नाही. घरी पाहुण्यांसाठी गाळलेला मोह आणि विकण्यासाठी गूळ, नवसागर घालून झटपट काढलेली हातभट्टी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कायद्याला मात्र दोन्ही सारखेच दिसतात. दुसरीकडे, गडचिरोलीत १९९३ मध्ये जी दारूबंदी झाली तिच्यामागे गावागावातल्या बायका होत्या. दारूने घर उद्ध्वस्त होताना त्यांनी पाहिलं होतं. त्यांचं दुःख परंपरेच्या नावाखाली झाकता येत नाही.

१९९६ च्या पेसा कायद्याने यावर एक वाट काढली. अनुसूचित क्षेत्रात दारूबंदी करायची की दारूवर नियंत्रण ठेवायचं, यात ग्रामसभेला अधिकार मिळाला. एल्विन यांचा आग्रह हाच होता, ज्यांचं झाड आहे त्यांना विचारा. पण भंडारा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, त्यामुळे पवनीकडच्या गोंड वस्त्यांना हा अधिकार नाही.

गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मध्य प्रदेशने २०२१ मध्ये मोहाच्या दारूला वारसा मद्याचा दर्जा द्यायचं जाहीर केलं. त्याच वर्षी महाराष्ट्राने मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि साठवण्यावरचे निर्बंध सैल केले. परवान्याशिवाय ती गाळणं मात्र अजूनही गुन्हाच आहे.

तेव्हा पुढच्या होळीलाही पवनीच्या रानात टोपल्या भरतील. फूल वेचणारी बाई कायद्यात बसेल आणि संध्याकाळी तिची चूल पेटली की बसणार नाही. एल्विन यांनी विचारलेला प्रश्न या दोन वेळांच्या मधे अजून तसाच अडकून पडला आहे.