शिकत शिकत शिकविणारे गुरुजी : नामदार गोपाळ कृष्ण गोखले



नाशिकच्या कॉलेज रोडवरून जाताना एच. पी. टी. महाविद्यालयाकडे आपले लक्ष जातेच. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुलामुलींनी नाशिकच्या महाविद्यालयांतून पदव्या घेतल्या आणि त्यांपैकी काही जण पुढे स्वतः अध्यापक झाले. एच. पी. टी. महाविद्यालय ज्या गोखले एज्युकेशन सोसायटीने 1924 साली सुरू केले, त्या संस्थेला ज्यांचे नाव दिले आहे ते नामदार गोखले आपणांस राजकारणी पुरुष म्हणून ठाऊक आहेत. महात्मा गांधींनी त्यांना आपले राजकीय गुरू मानले, हेही आपण शाळेत शिकलो. परंतु त्यांच्या आयुष्यातील उमेदीची वर्षे फळा आणि खडू यांच्या सहवासात गेली, हे सहसा सांगितले जात नाही. महाविद्यालयात नव्याने शिकवू लागलेल्या तरुण-तरुणींसाठी त्या वर्षांची कहाणी आज आम्ही सांगणार आहोत.

गोपाळरावांचा जन्म 9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी एका गरीब कुटुंबात झाला. 1879 साली वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून दरमहा 15 रुपयांची नोकरी धरली आणि त्यातील 8 रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. त्यांच्या शाळकरी वयातील एक गोष्ट महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. घरी करण्यास दिलेले गणित एकट्या गोपाळचे बरोबर आले म्हणून गुरुजींनी त्याचे कौतुक केले, तेव्हा तो मुलगा रडू लागला; कारण ते गणित सोडविण्यास त्याने दुसऱ्याची मदत घेतली होती. न कमावलेली शाबासकी त्याला पचली नाही. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू या, कारण पुढे तिचा पुन्हा संबंध येणार आहे.

कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज अशा तीन ठिकाणी शिकून 1884 साली, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, ते बी. ए. झाले. मुंबईत प्राचार्य वर्ड्सवर्थ आणि गणिताचे प्राध्यापक हॅथॉर्नथ्वेट असे व्यासंगी गुरू त्यांना लाभले. हाती पदवी होती, सरकारी नोकरीची वाट मोकळी होती आणि घरी कर्ज होते. तरीही 1885 साली त्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दरमहा 35 रुपयांवर शिक्षकाची जागा पत्करली. टिळक आणि आगरकर यांच्या त्यागाचा आदर्श समोर होता. 1886 साली ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. अल्प वेतनावर वीस वर्षे संस्थेची सेवा करावयाची, असे ते व्रत होते. लवकरच फर्ग्युसन कॉलेजचे वर्गही त्यांच्याकडे आले.

विशीतील या तरुणाची अडचण आम्हांला आजच्या नवख्या प्राध्यापकाच्या अडचणीसारखीच वाटते. समोरचे विद्यार्थी वयाने जवळजवळ बरोबरीचे. त्यांना विषय किती कळला आहे, याचा अंदाज नाही. त्यातच संस्था लहान, माणसे थोडी. त्यामुळे जो विषय रिकामा पडेल तो शिकवावा लागे. गोपाळरावांनी पदवी घेतली होती गणिताची. पण त्यांनी इंग्रजी शिकविले, गणित शिकविले आणि पुढे इतिहास व अर्थशास्त्रही शिकविले. सहकारी त्यांना थट्टेने मागणीबरहुकूम मिळणारे प्राध्यापक म्हणू लागले. ही थट्टा एखाद्याला झोंबली असती. गोपाळरावांनी मात्र प्रत्येक नवा विषय म्हणजे पुन्हा विद्यार्थी होण्याची संधी मानली.

त्यांच्या तयारीची रीत पाहण्यासारखी आहे. इंग्रजी गद्याचे उतारेच्या उतारे ते पाठ करीत. फ्रेंच राज्यक्रांतीवरील बर्कचा ग्रंथ त्यांना जवळजवळ मुखोद्गत होता. आज घोकंपट्टीला नावे ठेवली जातात आणि ते योग्यच आहे; परंतु परक्या भाषेत शिकवावयाचे तर तिची घडण जिभेवर बसली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. अंकगणिताच्या बाबतीत त्यांनी निराळा मार्ग धरला. सहकारी शिक्षक बापट यांच्या साहाय्याने त्यांनी शाळेच्या वर्गासाठी उदाहरणे जमविली, ती पायरीपायरीने लावली आणि त्यातून अंकगणिताचे पाठ्यपुस्तक तयार झाले. मॅकमिलन कंपनीने ते प्रसिद्ध केले आणि ते दूरवरच्या शाळांतून वापरले गेले. विद्यार्थी कोठे अडतो हे ज्याला दिसते, त्यालाच असे पुस्तक लिहिता येते.

तरीही त्यांची खरी घडण झाली ती वर्गाबाहेर. 1887 च्या सुमारास न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा परिचय झाला. रानडे हे आपल्या नाशिक जिल्ह्यातील निफाडचे. 1842 साली त्यांचा जन्म तेथे झाला. सार्वजनिक सभेच्या कामात रानडे यांनी या तरुण प्राध्यापकाकडून अहवाल वाचून घेतले, आकडे तपासून घेतले, मसुदे पुन्हा पुन्हा लिहवून घेतले. लेखनातील ढिलाई त्यांना चालत नसे. 1901 साली रानडे यांचे निधन होईपर्यंत सुमारे चौदा वर्षे ही शिकवणी चालू राहिली. स्वतः प्राध्यापक असलेला माणूस इतकी वर्षे दुसऱ्यापुढे वही घेऊन बसतो, यात कमीपणा नाही. उलट त्यामुळेच त्याच्या वर्गातील इतिहास आणि अर्थशास्त्र जिवंत होते, असे आम्हांला वाटते. सुट्टीच्या दिवसांत हेच प्राध्यापक फर्ग्युसन कॉलेजच्या इमारतीसाठी गावोगाव वर्गणी मागत फिरत.

या वाटचालीत कसोटीचा प्रसंगही आला. 1897 साली ते वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यास इंग्लंडला गेले होते. त्याच वेळी पुण्यात प्लेगची साथ होती. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तेथील सैनिकांच्या वर्तनाविषयी गंभीर आरोप केले. परतल्यावर पुरावा देण्यास कोणी पुढे येईना. तेव्हा गोपाळरावांनी जाहीर माफी मागितली. स्वकीयांनी त्यांना भित्रे ठरविले. ती टीका त्यांना खोलवर लागली. ती माफी योग्य होती की नाही, यावर अभ्यासकांत मतभेद होऊ शकतील. आम्हांला मात्र त्या शाळकरी मुलाचे रडणे आठवते. जे सिद्ध करता येत नाही ते आपले म्हणून मिरवावयाचे नाही, हा धडा त्यांनी स्वतःवर लागू केला.

1902 साली त्यांनी फर्ग्युसन कॉलेजचा निरोप घेतला. त्याच वर्षी कलकत्त्याच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावरील त्यांचे पहिले भाषण गाजले. त्यातील आकड्यांची मांडणी हे वर्गातील आणि रानडे यांच्याजवळील तपश्चर्येचेच फळ होते. 1905 साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. 1911 साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक त्यांनी मांडले. 1912 साली ते 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. 19 फेब्रुवारी 1915 रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ज्या हक्कासाठी ते झगडले तो मुलांना कायद्याने मिळण्यास 2009 साल उजाडावे लागले. त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी प्राचार्य टी. ए. कुलकर्णी यांनी त्यांच्या नावाने संस्था काढली आणि तिच्याच द्वारे हे नाव आपल्या नाशिकला पोहोचले.

बंधुभगिनींनो, आपल्या घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी यंदा प्रथमच महाविद्यालयाच्या वर्गात उभी राहणार असेल. पहिल्या तासाला आवाज कापेल, एखाद्या प्रश्नाचे उत्तर येणार नाही. अशा वेळी त्यांना गोपाळरावांची आठवण करून द्यावी. तयारी करून जावे, विद्यार्थी कोठे अडतो ते पाहावे, आपल्याहून जाणत्याकडून चुका दाखवून घ्याव्यात आणि आज चुकलेले उद्या त्याच वर्गापुढे सरळपणे दुरुस्त करावे. त्या अठरा वर्षांच्या पदवीधराला तरी याहून वेगळे भांडवल कोठे होते? आपल्या सर्व गुरुजनांना आमच्या मनःपूर्वक शुभेच्छा.