पेशीच्या श्वासाचा माग : डॉ. कमला सोहोनी

धाराशिवच्या माळावर पहाटे धावून परतलेली आमची मुले धापा टाकत उभी राहतात आणि थोड्याच वेळात त्यांचा श्वास पूर्ववत होतो. श्रमणाऱ्या स्नायूंतून कार्बन डायऑक्साइड रक्तात उतरतो आणि रक्तातील आम्ल वाढवतो. मेंदू ते ओळखून श्वसनाचा वेग वाढवितो, फुप्फुसे तो वायू बाहेर टाकतात, मूत्रपिंडे सावकाश इतर आम्लांचा निचरा करतात आणि रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद मर्यादेत राहतो. या व्यवहाराचा उगम पेशीच्या श्वसनात आहे. त्या श्वसनाच्या अभ्यासात एका मराठी स्त्रीचा वाटा आहे, हे आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असावे.

कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ; विदुषी दुर्गाबाई भागवत या त्यांच्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी प्रथम क्रमांकाने मिळवून त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. तेथे संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. अर्जदार स्त्री आहे, एवढ्याच कारणाने त्यांनी प्रवेश नाकारला. एवढ्या थोर शास्त्रज्ञाने असे करावे, याचे आम्हांस आजही वैषम्य वाटते. कमलाताई परत फिरल्या नाहीत. त्यांनी संचालकांच्या दारातच सत्याग्रह आरंभिला. अखेर प्रवेश मिळाला, पण पहिले वर्ष चाचणीचे, आणि त्यांच्या उपस्थितीने पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होऊ नये, अशी अपमानास्पद अटही त्यात होती. एम. श्रीनिवासय्या यांच्या कडक शिस्तीत त्यांनी दूध व डाळींतील प्रथिनांवर काम केले. त्या कामानंतर संस्थेचे दार मुलींना उघडले.

पुढे त्या केंब्रिजला फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असल्याचे त्यांनी दाखविले. हे प्रथिन इलेक्ट्रॉन हाती घेऊन पुढे देते. साखळीच्या शेवटी प्राणवायू त्यांचा स्वीकार करतो. आपल्या शरीरात ही साखळी खंडित झाली, तर पेशी लॅक्टिक आम्ल साठवू लागतात आणि रक्ताचा तोल ढळतो. माणूस आणि बटाटा यांचा श्वास एकाच रीतीने चालतो, ही गोष्ट आम्हांस आजही थक्क करते. अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

मायदेशी परतल्यावर दिल्ली, कुन्नूर, आणि १९४७ मधील विवाहानंतर मुंबईची विज्ञान संस्था. तेथे त्यांनी विद्यार्थ्यांसह डाळींतील पचनरोधक द्रव्यांचा शोध घेतला. ही द्रव्ये शिजविल्याने बहुतांशी निष्प्रभ होतात. वसतिगृहाच्या चुलीवर डाळ नीट शिजू द्यावी, असा आमच्या स्वयंपाकघराचा आग्रह त्यामुळे सार्थच म्हणावयाचा. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचे पोषणमूल्य तपासले. कुपोषित आदिवासी किशोरांना व गर्भवतींना नीरा दिल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसली. त्या संस्थेचे संचालकपद मात्र त्यांच्याकडे उशिरानेच आले. १९९८ मध्ये दिल्लीतील सत्कारसमारंभात त्या कोसळल्या व थोड्याच काळात निवर्तल्या.